मामाजीचं काठाचं झाड

मामाजी गेले त्या दिवशी सकाळी त्यायनं मले हातोडी मांगतली. मी पोळ्या करून राहिली होती. म्हणलं कायले पाहिजे, तं म्हणे कुंडी फोडाची आहे. कोणती, तं म्हणे काठाची. माह्यं लाटणं हातातच राहिलं. ज्या कुंडीपाशी झाडू माराचा तं पहिले मामाजीले विचारा लागे, जिले दिवाळीच्या चुन्यात बी कोणी सरकवलं नाही, ते कुंडी हा माणूस आपल्या हातानं फोडतो म्हणते. मले वाटलं ताप असन. म्हणलं कपाळाले हात लावून पाहू का.

"कपाळ राहू दे, हातोडी आण," म्हणे.

दादाराव माह्ये सासरे. लग्न होऊन पांढुर्ण्याले आली तवापासून मी त्यायले मामाजीच म्हणो. ते जे काठाची कुंडी म्हणत होते, त्याच्यात एक झाड होतं, तलवारीसारख्या उभ्या पानायचं. त्याले ना फूल ना फळ. पान मधात हिरवं अन् दोन्ही कडेनं पिवळा काठ, जसा लुगड्याले असते तसा. नर्सरीवाले त्याले स्नेक प्लांट म्हणतात, आमच्या घरी त्याचं नाव काठाचं झाड. हे झाड त्यायले त्यायच्या बहिणीले द्याचं होतं. बहीण मतलब केसरआत्याबाई, जाम नदीच्या पल्याड सावरगावात राहते. पूल पार केला की दहा मिनिटात घर. पण दोन वर्षं झाले होते, भाऊ-बहीण एकमेकाशी बोलत नव्हते, अन् तेही ह्याच झाडापायी.

तं मी हातोडी आणून देली. सिमेंटची कुंडी, तीन ठोक्यात फुटली. आतमंधी मातीपेक्षा मुळ्या जास्त. मामाजीनं बोटानं माती काढली तं खाली गड्डा दिसला, आल्यासारखा गाठीगाठीचा, पण रंग संत्र्यासारखा. हे पाहून मामाजी इतके हासले का खोकला आला.

"पाह्य सुचिता," म्हणे, "आतून आपलाच निघाला."

मंग त्यायनं खिशातून आपला जुना चाकू काढला, पत्थरावर घासला, गड्ड्याचे दोन भाग केले. कापलेल्या जागेले हळद लावाची म्हणून मले हळद मांगतली. मी चिमूटभर आणली तं म्हणे, भाजी नाही करून राहिलो, मूठभर आण. एक भाग पेंटच्या पांढऱ्या बादलीत लावला, तो आत्याबाईचा. दुसरा तेलाच्या डब्यात, तो घरचा. बादलीतल्याले चार पिल्लं होते, डब्यातल्याले एकच. मी म्हणलं, घरी कमी ठेवलं. ते म्हणे, बहिणीले देताना मोजत नसते.

मंग आंघोळ केली, धुतलेला पायजमा घातला, टोपी घातली. राखीले दोन दिवस होते. माह्ये मालक, प्रफुल्ल, पिकअप चालवतात. त्यायले त्या दिवशी लोधीखेड्याचं भाडं होतं. ते म्हणे, बाबा, चार वाजता येतो, मंग तुमाले पुलापल्याड नेतो. मामाजीचे गुडघे गेले होते, दहा मिनिटं बी चालणं होत नव्हतं. तं ते बारा वाजतापासूनच ओट्यावरच्या खाटेवर तयार होऊन बसले, बादली दोन पायाच्या मधात धरून. जसा कोणी गाडी सुटीन म्हणून पेटी धरून बसते.

तीन वाजता चहा देला. पिऊन म्हणे, अजून अर्धा कप कर, केसरकडं गेल्यावर ते चहा देते का नाही देत, भरोसा नाही. मी अर्धा कप करून आणला, तं मामाजी भिंतीले टेकून बसले होते, टोपी जराशी पुढं आलेली. एक हात पानायवर. मी म्हणलं मामाजी चहा. दोनदा म्हणलं. ह्या माणसानं जिंदगीत दुसरा चहा कधी सोडला नव्हता, म्हणून मले समजलं.

*

मामाजीनं सगळी उमर संत्र्याचे डोळे बांधले. ज्यायनं पाह्यलं नसन त्यायले सांगते. जंबेरीचा, मतलब रानलिंबूचा, खुंट राहते, बोटाएवढा. त्याले जमिनीपासून एका हातावर चाकूनं चीर माराची. संत्र्याच्या चांगल्या झाडाच्या फांदीवरून एक डोळा सालीसकट काढाचा, चिरीत बसवाचा, वरून पट्टी बांधाची. डोळा धरला की खाली जंबेरी अन् वर संत्रा. दिवसाले पाचशे-सहाशे डोळे बांधत मामाजी. पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत किती बगिच्यायत त्यायच्या हातचे झाडं आहेत, त्यायले तरी मालूम होतं का नाही. सौसरच्या बसमंधी त्यायच्या बाजूले बसणं म्हणजे डोक्याले ताप. खिडकीतून बोट दाखवत, हे माह्यं, हे माह्यं, हे बी माह्यंच. एखादा बगिचा वाकडातिकडा दिसला की म्हणत, हे गजाननचं. गजानन मतलब त्यायचा दोस्त, तो बी डोळेच बांधे. गजाननभाऊ बसमंधी असला तं तो उलटं सांगत असन.

डोळा बांधाले दिवसभर वाकून, उकिडवं बसा लागते. त्याच्यात गुडघे गेले. डॉक्टरनं सांगतलं आता खाली बसाचं नाही. आठ दिवस मामाजी खाटेवर बसून भिंत पाहत राह्यले. नवव्या दिवशी बस स्टँडकडं गेले, तिथं कोणी तरी कोलियसच्या फांद्या कापून फेकल्या होत्या, लाल-हिरव्या पानायच्या. ते दोन फांद्या उचलून घरी आले अन् औषधाच्या शिशीत पाणी घालून खिडकीत ठेवल्या. आठ दिवसात शिशीत पांढऱ्या मुळ्या. संत्र्याचं कलम दीड वर्ष रडवते अन् हे पोट्टं आठ दिवसात. त्या दिवसापासून माणूस बिघडला.

मंग घरात काही राह्यलं नाही. तेलाचे डबे गेले, लोणच्याची बरणी गेली, पेंटच्या बादल्या गेल्या. माह्या मालकाच्या जुन्या हेल्मेटमंधी कोलियस आला, कानाजवळून लोंबकळे. माह्या कुकरची रबर तुटली होती, म्हणून मी बाजारात नवी रबर आणाले गेली. परत आली तं कुकरमंधी मनीप्लांट, अन् खालून पाण्यासाठी खिळ्यानं तीन भोकं पाडलेले. मी नवी रबर हातात धरून उभी. मामाजी म्हणे, तू म्हणलं होतं ना खराब झाला. मी म्हणलं, मामाजी, रबर खराब झाली होती. तं म्हणे, मंग रबर ठेव, दुसऱ्या कुकरले कामी येईन. दोन दिवस मी त्यायच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मनीप्लांटले नवं पान आलं, ते मले दाखवाले घेऊन आले, जसं का मीच बाळंत झाली.

क्रोटनचं त्यायले जास्तच होतं. क्रोटनची फांदी डबलरोटीसारखी फुगवून ठेवत. मतलब फांदीची साल बोटभर गोल काढाची, त्याले नारळाचा ओला काथ्या गुंडाळाचा, वरून प्लास्टिकची पन्नी बांधाची. दीड महिन्यात पन्नीच्या आतून मुळ्या दिसल्या की फांदी कापून लावाची. आमच्या अंगणात येणारा माणूस विचारे, झाडाले काय लागलं, पट्ट्या काहून बांधल्या. एकदा त्यायनं लाल क्रोटनची फांदी पिवळ्या क्रोटनवर बांधली, संत्र्याच्या हिसाबानं. ते धरली बी. मंग त्याच्यावरच ठिपक्यावाली बांधली, ते बी धरली. ते झाड लग्नातल्या बँडवाल्यासारखं दिसे. मोहल्ल्यातले लोकं पाहाले येत अन् मामाजी खाटेवरून सांगत, डोळा असो नाहीतर फांदी, माय जशी तसं लेकरू. माय-झाड चांगलं असलं की त्याचं काहीही घ्या, तेच उतरते. चाळीस वर्षं पाह्यलं मी.

हे वाक्य ध्यानात ठेवा. ह्याच्यापायीच सगळं झालं.

झाड देऊन बी ते सोडत नव्हते. ज्याले देलं त्याच्या घरी जाऊन पाहत, हाल कसे आहेत. तिगावच्या स्टेशनाजवळ एक बाबू राहत होते, त्यायले क्रोटन देलं होतं. मामाजी पॅसेंजरनं तिगावले गेले, खास ते क्रोटन पाहाले. पाह्यलं तं त्यायनं घराच्या आत, टीव्हीच्या बाजूले ठेवलेलं, सगळा रंग उतरून गेलेला. मामाजीनं चहा बी पेला नाही. कुंडी उचलून बाहेर उन्हात ठेवली, बाबूले सांगतलं, याले ऊन लागते तवा रंग येते, तुमी नोकरी सावलीत करता म्हणून ह्यानं बी सावलीतच राहाचं का. त्या माणसानं दुसऱ्या दिवशी प्रफुल्लले फोन करून विचारलं का तुमच्या बाबायले आता राग नाही ना. असे मामाजी.

काठाचं झाड त्यायले सौसरच्या अनुराधा मॅडमनं देलं. ते शिक्षिका होती, रिटायर झाली. तिच्या अंगणातल्या लिंबूच्या झाडावर डोळे बांधाले मामाजी गेले होते, उभ्यानंच होणारं, बहुतेक शेवटचंच काम. तिच्या ओट्यावर हे झाड होतं. मामाजी कामापेक्षा त्या झाडाकडंच जास्त पाहत. मॅडम हासली अन् मुळीसकट एक पिल्लू काढून देलं. ते बसमंधी सौसरपासून मांडीवर घेऊन आले, उभ्या बाईले जागा नाही देली पण झाडाले देली.

दोन वर्षात कुंडी भरून गेली. त्या वर्षी राखीले केसरआत्याबाई आल्या अन् त्यायची नजर पडली.

आत्याबाईबद्दल सांगाचं तं, आमच्या इथं वर्षातून एक दिवस पांढुर्णा अन् सावरगावच्या मधात नदीवर गोटमारीचे गोटे चालतात, बाकीच्या दिवशी आत्याबाईचे टोमणे. मामाजीपेक्षा आठ वर्षानं लहान, पण भावाले त्या म्हणत, भाऊ तू माह्याहून मोठा आहे ते फक्त उमरीनं. त्यायनं काठाचं झाड पाह्यलं, राखी बांधली, अन् ओवाळणीचं ताट पुढंच धरून ठेवलं. म्हणे, ह्या वर्षी मले साडी नको, हे पाहिजे. मामाजी खूश. म्हणे, कुंडी नाही देत, पण ह्याचंच बनवून देतो.

मंग त्यायनं आत्याबाईसमोरच एक पान बुडापासून कापलं, चार दिवस सावलीत सुकवलं, वाळूत उभं लावलं. होळीच्या आसपास बाजूनं कोंब आला. हिरवा. काठ नव्हता. मी म्हणलं मामाजी, पिवळं काही दिसत नाही. म्हणे, लेकराले मिशा येतात का जन्मता, मोठं झालं का काठ येईन. पुढच्या राखीले तेच वाजतगाजत आत्याबाईले नेऊन देलं.

आत्याबाईनं पूर्ण वर्ष वाट पाह्यली. झाड वाढलं, मोठं झालं, अन् हिरवंगार. त्यायच्या मोहल्ल्यात बाया येऊन विचारत, भावानं देलेलं काठाचं झाड कोणतं. एक दिवस त्या आमच्याकडं आल्या, ओट्यावरच्या कुंडीकडं पाह्यलं, तिले चांगला अर्ध्या बोटाचा काठ. मामाजीले म्हणे, "भाऊ, बहिणीले बिनकाठाचं लुगडं देणारा तू पहिलाच."

मामाजी म्हणे, त्याच झाडाचं पान आहे, तुह्या डोळ्यासमोर कापलं होतं. त्या म्हणे, कापलं माह्यासमोर, लावलं कोणतं ते देवाले मालूम. चाळीस वर्षं लोकायले संत्र्याच्या नावानं काय बांधून देलं असन, आता मले समजलं.

बस, हे त्यायनं म्हणाले नव्हतं पाहिजे. मामाजीले कोणी काहीही म्हणो, पण बांधलेल्या डोळ्यावर शंका घेतली नव्हती कोणी. त्यायनं बी म्हणून टाकलं, तुह्या सावरगावच्या पाण्यातच खोट असन. आत्याबाई चपला घालून निघून गेल्या. त्या वर्षी राखीले आल्या नाही. एका ऑटोवाल्याच्या हातानं पुडी पाठवली, त्याच्यात राखी. साधा हिरवा धागा, ना जरी ना मणी. बिनकाठाची राखी. ऑटोवाल्याले सांगतलं होतं का भावासमोर उघडाची अन् त्याचं तोंड पाहून याचं.

मामाजीनं तो धागा हातात घेतला, मले म्हणे बांध. मी बांधला. दुसऱ्या वर्षी अजून एक आला तं तो बी बांधला. गेले तवा दोन्ही धागे मनगटावर होते, मळून काळे पडलेले.

पण ते चूप बसणारे नव्हते. मोरीच्या मागं, जिथं कोणी जात नाही, तिथं त्यायनं अकरा डबे मांडले. एकात पानाचा बुडखा, एकात मधातला तुकडा, एकात शेंडा. कोणत्यात नदीची वाळू, कोणत्यात शेणखत, कोणत्यात राख. प्रत्येक डब्यावर चुन्यानं लिहिलं, केसर १, केसर २, केसर ३. कोंब आला की सकाळी गुडघे धरत धरत जाऊन पाहत. अन् येऊन खाटेवर बसत. सगळ्याले हिरवाच कोंब आला. मी म्हणलं, मामाजी, फेकून द्या, नाहीतर आत्याबाईले दाखवा तरी. तं म्हणे, फसलेलं काम गिऱ्हाइकाले दाखवाचं नसते.

माह्यी पोरगी गायत्री अकरावीत आहे. तिनं मोबाईलवर पाह्यलं अन् आजोबाले सांगतलं, आबा, ह्या झाडाचा काठ पानातून येत नाही, पानातून हिरवंच येते. काठ पाहिजे तं गड्डाच कापा लागते, मुळीसकट. मामाजीनं तिले विचारलं, तुह्या मोबाईलनं आतापर्यंत डोळे किती बांधले. गायत्री म्हणे, आबा, तुमालेच मॅडमनं पिल्लू मुळीसकट देलं होतं ना, पान देलं होतं का. मामाजीनं तिच्याकडं पाह्यलं अन् चष्मा पुसाले बसले. डोळे बांधणाऱ्यायत माय-झाडाचं बूड कोणी उकरत नाही, सगळे डोळे तं त्याच्यावरूनच मिळतात. पोट्टी बरोबर बोलली हे त्यायले त्याच दिवशी समजलं असन, मले असं वाटते. कबूल कराले तीन महिने लागले.

अन् त्या दिवशी सकाळी हातोडी मांगतली.

*

आत्याबाईले फोन गेला तं त्या पुलावरून पायीच आल्या. आल्या अन् भावाले रागवूनच रडाले बसल्या. म्हणे राखीले दोन दिवस राह्यले अन् चालला, मले काय द्या लागन म्हणून भ्याला. बाया त्यायले धरून राहिल्या होत्या. रडता रडता त्यायची नजर खाटेखालच्या बादलीवर गेली. रडणं थांबवून मले विचारलं, हे कोणाचं. म्हणलं तुमचंच, सकाळीच कुंडी फोडून काढलं, चार वाजता घेऊन येणार होते. त्यायनं पानाचा काठ नखानं खरवडून पाह्यला. खरंच सांगते, खरवडला. रंग लावला का काय म्हणून. मंग उठून तोंड धुवाले मोरीकडं गेल्या.

खूप वेळ आल्या नाही म्हणून मी पाहाले गेली. त्या मोरीच्या मागं उभ्या होत्या, डब्यायच्या समोर. चौथी शिकल्या आहेत, एकेक डबा वाचून राहिल्या होत्या. अकराव्यापर्यंत गेल्या अन् पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे सगळे हिरवे," म्हणे.

म्हणलं, हो.

"अन् सगळ्यावर माह्यं नाव."

म्हणलं, हो. फसलेलं काम गिऱ्हाइकाले दाखवाचं नसते म्हणत होते.

"मी गिऱ्हाईक होय का त्याची?" म्हणे. पदरानं नाक पुसलं, पहिल्या डब्यातलं कोरडं पान मोडून फेकलं. "मले फसवाचंच असतं, तं त्याले एक डबा पुरला असता."

तेरवीपर्यंत त्या आमच्याच घरी राह्यल्या. सुतकाच्या घरातून वस्तू नेत नाही, म्हणून बादली इथंच. त्या बादलीपाशीच बसत अन् कोणाले हात लावू देत नव्हत्या. कोणी पाण्याचा लोटा घेऊन आलं तं म्हणत, माह्यं आहे, मी पाहीन. मले वाटलं, एवढ्या दुःखात बी काय ही कंजूशी.

पण घरच्या डब्यातल्या झाडाचे हाल ऐका. मामाजीच्या हातचं शेवटचं झाड म्हणून जो तो त्याले पाणी घाले. गजाननभाऊ आले, त्यायनं दोस्ताच्या नावानं लोटाभर घातलं अन् रडले. तिगावचे बाबू आले, त्यायनं घातलं. प्रफुल्ल रोज सकाळी कोणाले न सांगता घालत. गायत्री शाळेतून आली की घाले. अन् मी बी, खोटं कायले बोलू, दोन टाइम. प्रत्येकाले वाटे आपणच एक घालून राह्यलो. ह्या झाडाले पाणी कमी लागते हे घरात सगळ्याले मालूम होतं, मामाजी ओरडून ओरडून सांगत. दसऱ्याच्या आधी पानं खालून मऊ पडले अन् हात लावला तं अख्खं झाड हातात आलं. खाली गड्डा नाही, चिखल. चाळीस वर्षात मामाजीच्या हातचं एक झाड मेलं नाही, हे आमी सगळ्यायनं मिळून मायेनं मारलं.

मी आत्याबाईले सांगतलं नाही. त्यायचं बादलीतलं चांगलं चालून राह्यलं होतं, तेरवीनंतर प्रफुल्लनं पोचवून देलं होतं. पण गायत्रीच्या पोटात काही राहत नाही, तिनं फोनवर सांगून टाकलं. आत्याबाईनं टोमणा न मारता फोन ठेवून देला. ते जास्त भ्याव लागणारं होतं.

भाऊबीजेले त्या आल्या. भाऊ नाही तं कोणाकडं येतीन, त्या येतीन असं मले वाटलं नव्हतं. हातात पिशवी. ओट्यावर बसल्या, रिकाम्या डब्याकडं पाह्यलं, पाणी मांगतलं. मी पाणी देलं तं त्यायनं पिशवीतून एक पान काढलं. काठाचं, बुडापासून कापलेलं, अन् त्याले हिरवा धागा बांधलेला. ह्या वर्षीच्या राखीसाठी आणून ठेवला होता म्हणे, यंदाचा बी हिरवाच होता.

"हे घे," म्हणे. "मले तुह्या सासऱ्यानं हेच देलं होतं."

मी पान हातात घेऊन उभी. त्यायनं पाणी पेलं, चहा पेला, दुसरा चहा मांगतला, तो बी पेला. मामाजीचीच बहीण. मंग उठता उठता पिशवी माह्यापुढं सरकवली. आतमंधी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक पिल्लू, मुळीसकट, दोन्ही बाजूनं पिवळा काठ. कापलेल्या जागेवर हळद, मूठभर.

"हातोडी नाही लागली," म्हणे, "बादली होती. अन् पाणी कोणी घालाचं ते आताच ठरवा. एकानंच."

ठरलं. मीच घालते, पंधरा दिवसातून एकदा, अन् डब्याले जाळी लावली का कोणी मायेनं येऊ नये. ते पिल्लू लागलं आहे, ओट्यावर त्याच जागी आहे.

अन् ते धाग्यावालं पान. फेकाले हात धजला नाही. चार दिवस सावलीत सुकवलं, मोरीच्या मागं एका डब्यात वाळू घालून उभं लावलं, धागा तसाच ठेवला. होळीच्या दोन दिवस आधी पाह्यलं तं पानाच्या बुडापाशी वाळू फुगली होती. आठ दिवसानं कोंब वर आला. मी आत्याबाईले फोन लावला.

त्या म्हणे, काठ आहे का?

म्हणलं, नाही. हिरवा आहे.

म्हणे, मंग त्याचंच आहे. डब्यावर लिहून ठेव.

मी चुना भिजवला अन् लिहिलं, केसर १२.